हळूचं बटण

नवनाथ शिनगारे यांच्यासारखा बोलघेवडा माणूस आणि हायड्रोजनच्या पंपासारखी मुकी नोकरी, ही गाठ ज्यानं कुणी मारली त्याला एकदा हात जोडून विचारलं पाहिजे, की बाबा रे, तुला दुसरं कुणी मिळालं नाही का?

माणूस मूळचा केजकडचा. तरुणपणी काम शोधत भोसरीला आला आणि नाशिक रस्त्यावरच्या एका डिझेल पंपावर नळी धरून उभा राहिला, तो केस पांढरे होईपर्यंत. त्या पंपाची शान काय सांगावी! कुणाचं लग्न कुठं ठरलं, कुठल्या कंपनीत संप होणार, कुठल्या घाटात कोण उलटलं, ही सगळी खबरबात आधी पंपावर यायची आणि मग गावभर व्हायची. ड्रायव्हर खाली उतरायचे, टायर ठोकून बघायचे, तंबाखू मळायचे. नवनाथ यांचा एक हात नळीला आणि दुसरा गप्पांना. बायको चिमाबाई म्हणायची, "तुमी डिझेल कमी अन् गप्पा जास्त भरता." ती होती तोवर घरीही बोलायला माणूस होतं. मग ती गेली, आणि वर्षाच्या आत पंपही गेला. रस्ता रुंद करायला ती जागा लागली. दोन्ही वेळा नवनाथना कुणी काही विचारलं नव्हतं.

नवी नोकरी मिळाली ती चाकणहून तळेगावला जाणाऱ्या रस्त्यापासून जरा आत. त्याला पंप म्हणायचं, पण पंपासारखं त्यात काहीच नव्हतं. मोठ्या कंटेनर ट्रकांना डिझेलऐवजी हायड्रोजन वायू भरायची ही सोय अजून चाचणीतच होती. एका वाहतूक कंपनीनं मोजकेच ट्रक त्यावर चालवायला घेतले होते. ते नीट चालले तर आणखी ट्रक, आणखी पंप. नाहीतर गाशा गुंडाळायचा, असा साधा हिशेब. हे सगळं उभं केलं ते वर्षाली नावाच्या तिशीतल्या इंजिनियर बाईनं. तिला नळी धरायची सवय असलेला आणि ती धरताना घाई न करणारा माणूस हवा होता. घाई न करणारा! तिचंच मागणं पुढं तिला कसं भोवलं ते सांगतोच.

पहिल्या दिवशी तिनं नवनाथना भर उन्हात एका लोखंडी नळकांड्यासमोर उभं केलं.

"काका, काही दिसतंय?"

"न्हाई मॅडम."

तिनं लांबूनच एक जुनी केरसुणी पुढं केली, आणि हवेतल्या हवेत केरसुणी पेटली. हायड्रोजनची ज्योत दिवसाउजेडी दिसत नाही, तेव्हा डोळ्यांवर विसंबायचं नाही, नियम पाळायचे, हा त्यातला धडा. नवनाथना धडा समजला, पण केरसुणी जाळली याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं. लक्ष्मी ती.

नियम पुष्कळ होते. लाल पट्ट्याच्या आत मोबाइल नाही, काडेपेटी नाही, अंगात नायलॉनचा कपडा नाही. ड्रायव्हरनं फाटकाजवळच्या लाकडी पेटीत फोन टाकायचा, ट्रक लावायचा, खाली उतरायचं आणि काँक्रीटच्या जाड भिंतीमागच्या बाकावर जाऊन बसायचं. नवनाथनीही नळी जोडली, बटण दाबलं, की त्याच बाकावर यायचं आणि भिंतीतल्या काचेतून आकडे बघायचे. ट्रक गेला की मग तासन्तास कुणी नाही. नुसतं यंत्र घुमायचं. दुपार कलली की दुसऱ्या पाळीचा धम्मरत्न यायचा. पोरगा गुणी, पण कामापुरतं बोलणारा. "काका, सगळं ठीक?" "सगळं ठीक." झाली पाळी बदलून.

खोली महाळुंग्याला. शेजारच्या खोल्यांमध्ये कंपनीतली पोरं, तीन शिफ्टमध्ये झोपणारी. कधीही बघावं तर एका दाराला कुलूप आणि दुसऱ्या दारात चपला, म्हणजे आत कुणीतरी झोपलेलं; मोठ्यानं खोकायचीसुद्धा चोरी. मुलगी विजयश्री पिंपळे सौदागरला, मोठ्या सोसायटीत. चांगली मुलगी, बोलवायचीही. पण तिथं गेटवरचा रखवालदार नाव विचारणार, ते त्याच्या फोनवर टाकणार आणि वरून तिनं 'हो' म्हटलं की दांडा उठणार. एकदा ती मीटिंगमध्ये होती. नवनाथ पेरूची पिशवी घेऊन गेटवर बराच वेळ उभे राहिले, मग पिशवी रखवालदाराकडं ठेवून परत आले. तिला सांगितलं, घाईत होतो. त्यानंतर जाणं कमीच झालं.

अशा माणसाच्या आयुष्यात कोंडीराम तापकीर आला.

कोंडीराम दिघीचा, जुन्या गावकीतल्या घरातला. वाहतूक कंपनीच्या त्या मोजक्या ट्रकांपैकी एक त्याच्याकडं होता आणि तो रोज भर दुपारी पंपावर यायचा. बाकीचे ड्रायव्हर फोन पेटीत टाकून बाकावर बसायचे आणि सारखे पेटीकडं बघायचे, जसं काही आत तान्हं लेकरू निजवलंय. कोंडीराम पहिल्या दिवशी बसला, पाय लांब केले आणि म्हणाला, "कसं बरं वाटतंय!"

"काय झालं?"

"फोन न्हाई जवळ. दिसभर तो कंपनीच्या हापिसातला डिस्पॅचवाला इचारतोय, कुठं हाय, कुठं हाय. आता इचार म्हनावं पेटीला."

नवनाथ हसले. किती दिवसांनी हसले ते त्यांचं त्यांनाच आठवेना.

साऱ्या चाकणात दोन माणसं फोनवाचून समोरासमोर बसतात अशी ती एकच जागा असावी. मग बोलण्यावाचून गत्यंतरच नव्हतं, आणि दोघांना तेच हवं होतं. कोंडीरामच्या घराची गच्ची गळायची. आई चतुराबाईंना दमा, आणि दम्याहून मोठा राग. "हायड्रोजनवानी हाय भाऊ तिचा राग. दिसत न्हाई, पन जवळ गेलं की पोळतंय!" बायको दुर्गा, तिच्या हातची बाजरीची भाकरी. मुलगी अंजली आता दहावीत जाणार. पोरगी हुशार, पण गणिताला घाबरणारी. हे सगळं घर नवनाथना हळूहळू तोंडपाठ झालं. आणि त्यांनीही, जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते कोंडीरामला सांगितलं. चिमाबाई गेल्यावर तिचा चष्मा महिनाभर खिडकीत तसाच होता, तो उचलायचा धीर झाला नाही. मग एक दिवस शेजारच्या पोरांनी खोली झाडून देताना तो कुठं टाकला ते कळलंच नाही. कोंडीरामनं त्यावर काही शहाणपण सांगितलं नाही. नुसतं "च्च्" केलं. तेवढं पुरेसं होतं.

आता त्या बटणाचं सांगायला हवं. हायड्रोजन जोरात भरला की टाकी तापते, म्हणून तो आधी गार करून सोडतात. गार करणारं यंत्र भोसरीच्या विक्की नावाच्या तरुणानं आपल्या छोट्या कारखान्यात बनवलं होतं. असं यंत्र बाहेरच्या देशातून आणतात. ह्यानं इथंच करून दाखवलं, म्हणून वर्षालीला त्याचं भारी कौतुक. मात्र चाकणच्या वैशाखवणव्यात त्या यंत्राचीही दमछाक व्हायची. त्यासाठी एक जादा बटण ठेवलेलं होतं: हळू. एरवी ट्रक बारा-पंधरा मिनिटांत भरायचा. हळूचं बटण दाबलं की पाऊण तास. नळी गरम झाली तर ते दाबायचं, आणि ते ठरवायचं पंपावरच्या माणसानं.

एप्रिल-मे महिन्यांत ते बटण दाबणं भागच होतं. आणि त्या पाऊण तासाची चटक नवनाथना लागली. सकाळपासून ते मनात बोलण्याची जुळवाजुळव करायचे. आज त्याला खोलीवरच्या नळावरच्या भांडणाचं सांगायचं. आज अंजलीच्या पेपरांचं विचारायचं. कोंडीराम म्हणायचा, "भाऊ, या की एकदा दिघीला. घर बघा." नवनाथ म्हणायचे, "येतो की." पण जायचे नाहीत. भरल्या घरात एकट्या माणसानं नेमकं कुठं बसायचं, हे त्यांना कळेनासं झालं होतं.

मग पावसाळा लागला. हवा गार झाली, नळी गार राहायला लागली. त्या दिवशी कोंडीरामचा ट्रक लागला, नवनाथनी नळी जोडली आणि बोट साध्या बटणाकडं नेलं. भिंतीमागून कोंडीराम ओरडला, "भाऊ, लवकर या, काल आईनं काय केलं सांगतो!"

नवनाथनी हळूचं बटण दाबलं.

काही बिघडलं नाही. वायू नीट भरला, ट्रक नीट गेला. दुसऱ्या दिवशी परत तेच, आणि मग रोजच. इतर ट्रकांना साधं बटण लावलं तर उघडं पडेल, म्हणून आपल्या पाळीतल्या सगळ्याच ट्रकांना त्यांनी हळूवर टाकलं. ते बिचारे पेटीकडं बघत पाऊण तास जांभया द्यायचे.

वर्षाली कार्यालयात बसून आकडे बघायची. दुसऱ्या पाळीत सगळं झकास, आणि दिवसाच्या पाळीत पाऊण तास. बरं, वायू हळू सोडला की तो गारच राहतो, त्यामुळं नुसत्या आकड्यांवरून काही पकडता येईना. शेवटी ती स्वतः आली.

"काका, पावसाळ्यातसुद्धा नळी गरम होतेय? म्हणूनच हळूवर टाकता ना?"

इथं खरं बोलायची संधी होती. नवनाथ यांची जीभ उभ्या आयुष्यात कधी अडखळली नव्हती. त्या दिवशीही अडखळली नाही.

"व्हय मॅडम. दिवसा लई गरम व्हायलीय."

वर्षालीनं त्यांच्यावर विश्वास ठेवला. न ठेवायला काय झालं होतं? मग दोष यंत्राचा. तिनं विक्कीला बोलावलं. विक्की आला, यंत्र खोललं, पुसलं, जोडलं, गेला. पाऊण तास काही हटेना. परत आला, परत खोललं. नवनाथ त्याला चहा आणून द्यायचे. खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं चहाचा कप पुढं करताना ते त्याच्या नजरेला नजर द्यायचे नाहीत. पण दुपारी कोंडीराम आला की सगळं विसरायचे. असा तो सगळा श्रावण गेला.

तिसऱ्यांदा विक्की आला तेव्हा सोबत वर्षालीही होती. यंत्राचा पत्रा काढून ठेवलेला, सुटे भाग सतरंजीवर मांडलेले, विक्कीच्या कोपरापर्यंत तेल. एक भाग उचलून त्यानं उलटासुलटा करून पाहिला आणि परत खाली ठेवला.

"मॅडम, मला दोष सापडत नाही. पण दोष नाही असंही कोणत्या तोंडानं म्हणू? तुमचे आकडे समोर आहेत."

वर्षाली म्हणाली, "विक्की, सोमवारी वाहतूक कंपनीची माणसं येतायत. पाऊण तास ट्रक उभा ठेवायला ते तयार नाहीत. हे यंत्र काढून बाहेरचं मागवायचं म्हटलं तर ते येईपर्यंत थांबणार नाहीत. ते परत डिझेलवर जातील, आणि पंप बंद होईल." मग म्हणाली, "मी सगळ्यांना छाती ठोकून सांगितलं होतं, की इथलं यंत्र चालतं."

विक्की चिंधी घेऊन हात पुसत राहिला. हात केव्हाच कोरडे झाले होते, तरी पुसत राहिला.

नवनाथ भिंतीपाशी उभे होते. त्यांनी एकदा बाकाकडं पाहिलं. बोललं तर तो बाक गेला, आणि कदाचित नोकरीही. नाही बोललं तर ह्या पोराचं नाव गेलं, पंप गेला, आणि बाक तरीही गेलाच. पण हा हिशेब त्यांनी मागाहून मांडला. त्या वेळी त्यांना फक्त ती चिंधी दिसत होती.

"मॅडम, त्याचं काही चुकलं न्हाई. यंत्र चांगलं हाय. नळी गरम होत न्हाई. हळूचं बटण मीच दाबायलोय."

दोघंही त्यांच्याकडं बघायला लागले.

"का?" वर्षालीनं विचारलं.

"कोंडीरामसंगं बोलणं व्हायचं."

"काय?"

"तो ड्रायव्हर येतो न्हाई का दुपारचा, त्याच्यासंगं. बारा मिनिटांत काय बोलणं होतंय मॅडम? सुरुवात केली की संपतंय."

विक्की उठला. तो ओरडेल असं वाटलं होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं. "काका, तीनदा खोललं मी हे. घरी जाऊन झोप लागत नव्हती मला. आणि तुम्ही इथंच बसला होतात. चहा देत होतात मला." एवढं बोलून तो सुटे भाग जोडायला बसला. त्यांच्याकडं त्यानं परत पाहिलं नाही.

वर्षाली बाकावर बसली. रागानं तिचा चेहरा लाल झाला होता, पण तो राग कुठं ठेवावा हे तिला कळत नव्हतं. शेवटी म्हणाली, "काका, मला एकदा सांगायचं तरी होतंत."

"काय सांगायचं मॅडम? करमत न्हाई म्हणून?"

तिनं त्यांना काढून टाकलं नाही. शिकवलेला माणूस घालवणं परवडत नव्हतं, हेही खरं, आणि शेवटी ते स्वतःहून बोलले होते, हेही खरं. पण जाताना तिनं हळूचं बटण बंद करून त्यावर कुलपाचं झाकण बसवलं आणि किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली. आता नळी गरम झालीच तर यंत्रानं आपलं आपण ठरवायचं होतं. त्या कुलपाची नवनाथना जेवढी लाज वाटली तेवढी तिच्या बोलण्याचीही वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी कोंडीराम आला. फोन पेटीत टाकला, बाकावर बसला, पाय लांब केले. आधी गच्चीचं झालं, आईच्या दम्याचं झालं, मग तो खऱ्या गोष्टीवर आला.

"काल भाऊ, अंजलीचा गनिताचा पेपर मिळाला. म्या इचारलं किती, तर म्हनती आधी डोळे झाका. म्या झाकले. मग म्हनती..."

टिंग टिंग टिंग. भरणं पुरं झाल्याची घंटा.

दोघांनी काचेकडं पाहिलं. "झालं?" कोंडीराम म्हणाला.

"झालं."

"बटण गेलं व्हय?"

नवनाथ चमकले. "तुला कसं ठाव?"

"ठाव असायला काय झालं? जूनमधी एकदा धम्मरत्नच्या पाळीला आलो हुतो. तवा बी असंच टिंग टिंग. म्हनलं, दुपारी भाऊ हळू सोडत्यात जनू."

"मग बोलला न्हाईस?"

"कुनाला बोलू? डिस्पॅचला मीच सांगत हुतो, मशीन गरम हाय म्हनून." तो उठला, पँट झटकली. मागं दुसरा ट्रक येऊन लागला होता. "पंचाहत्तर पडले तिला," जाता जाता तो म्हणाला.

सोमवारी वाहतूक कंपनीची माणसं आली, खूश होऊन गेली. विक्कीच्या यंत्राचा फोटो काढून नेला. गणपती उठेपर्यंत ट्रक वाढले. आता नवनाथना बसायला फुरसत नव्हती. एक गेला की दुसरा उभा. "राम राम भाऊ", टिंग टिंग, "चला भाऊ". दिवसभर माणसं येत होती आणि दिवसभर त्यांना कुणी भेटत नव्हतं. कोंडीरामही त्यातलाच एक झाला. कधी अर्धी गोष्ट व्हायची, कधी नुसती मान हलवणं. उरलेली गोष्ट उद्यावर जायची आणि उद्या शिळी व्हायची.

मग नवरात्राच्या आधी एके दिवशी कोंडीरामचा ट्रक भरून गेला आणि थोड्या वेळानं पेटीत त्याचा फोन वाजायला लागला. नवनाथ धावत फाटकापर्यंत आले. डिझेलचा ट्रक असता तर पार वळणापर्यंत ऐकू आला असता, हात करता आला असता. हे ट्रक मुकाट जातात. रस्ता रिकामा होता. त्यांनी फोन उचलला, डिस्पॅचवाला ओरडला, "कुठं आहेस?" नवनाथनी सांगितलं, फोन इथंच राहिलाय.

खरं तर उद्या दुपारी कोंडीराम येणारच होता. फोन पेटीत पडून राहिला असता तरी आभाळ कोसळणार नव्हतं. पण पाळी संपली तशी नवनाथनी फोन रुमालात गुंडाळला, चाकणहून बसनं भोसरी गाठली आणि तिथून दिघी. पत्ता विचारावा लागला नाही. दत्ताच्या देवळामागं, गच्चीवर निळं पिंप, जिन्याला कठडा एकाच बाजूला. सगळं ऐकलेलं होतं.

दार दुर्गानं उघडलं. "कोण पाहिजे?"

"कोंडीरामचा फोन राहिला होता. मी पंपावरून आलो. नवनाथ."

"कुठल्या पंपावरून?"

त्यांना जरा लागलं. पण त्यांनी सांगितलं, आणि तिनं आत बोलावलं. कॉटवर म्हातारी बसली होती. "चतुराबाई, आता दमा कसा हाय? वाफ घेता का?" म्हातारी डोळे बारीक करून बघायला लागली. अंजली दप्तर भरत होती. "पंचाहत्तरनंतर पुढं किती पडले?" पोरगी आईकडं बघायला लागली. नवनाथ वर बघत म्हणाले, "गच्चीचं काम झालं वाटतं. ओल दिसत न्हाई."

दुर्गा पाण्याचा तांब्या घेऊन तशीच उभी राहिली. "भाऊ, हे सगळं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोंडीरामनं."

"आमच्या ह्यांनी?" ती हसायलाच लागली. "अहो, घरात दोन शब्द बोलत न्हाईत! आले की फोन, न्हाईतर झोप. पोट दुखतंय का डोकं, ते बी मलाच इचारून घ्यावं लागतं." मग एकदम काही आठवून ती म्हणाली, "थांबा. ते मशीन गरम व्हायचं, ते तुमच्याकडंच का?"

"माझ्याकडंच."

"काय मेलं मशीन ते! तिथं उशीर झाला की पुढं गोदामातला नंबर हुकायचा, मग दोन-दोन तास खोळंबा. समदा पावसाळा अंधार पडल्यावर घरी. अंजलीला भोसरीला क्लासला सोडायचं ठरलं हुतं. पोरगी रोज एकटी बसनं जायची, अन् मी दारात उभी. लई शिव्या घातल्या मी तुमच्या मशीनला."

"घालायलाच पाहिजेत," नवनाथ म्हणाले.

"आता नीट झालं म्हनं?"

"झालं. आता लगेच होतंय."

"देव पावला," दुर्गा म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

नवनाथ खुर्चीच्या काठावर बसून राहिले. आपण जो पाऊण तास घेत होतो तो कुणाच्या तरी घरातून येत होता, हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. कोंडीरामला नंबर हुकल्याचं माहीत होतं, आणि तो एका शब्दानं बोलला नव्हता. चहा आला. आलं घातलेला, चांगला होता. तो त्यांनी बशीत न ओतता भराभर गरमच प्यायला.

इतक्यात कोंडीराम आला. दारात नवनाथना बघून थबकला, आणि त्याचा चेहरा खुलला.

"आलात?"

"आलो."

"चहा घेतला?"

"घेतला."

आणि मग काही सुचेना. टीव्ही चालू होता. म्हातारी सुनेला काहीतरी विचारत होती. कोंडीरामनं फोन हातात घेतला, चालू करून बघितला, खिशात ठेवला, परत काढला. नवनाथनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. तिकडं भिंतीमागं ज्यांना पाऊण तास पुरत नव्हता, त्यांना इथं चार माणसांत पाच मिनिटं जड गेली. शेवटी नवनाथ उठले. दुर्गा म्हणाली, "भाकरी खाऊन जा." ते म्हणाले, "येईन परत." कसं कोण जाणे, पण हे त्यांच्या तोंडून नुसतं 'येतो की' यापेक्षा वेगळं निघालं.

कोंडीराम त्यांना सोडायला जिना उतरून आला. अंजलीला क्लासला न्यायचं होतं, म्हणून मोटरसायकलची किल्ली त्याच्या हातातच होती.

"फोन इसरत जाऊ नको बाबा," नवनाथ म्हणाले. "तो डिस्पॅचवाला लई ओरडला माझ्यावर."

"इसरलो नव्हतो."

"म्हंजे?"

"धा बारी बोलावलं, तुमी काय आला न्हाई," कोंडीराम खाली बघत म्हणाला. "म्हनलं, फोन तरी घिऊन येत्यात का बघू."

नवनाथना काहीतरी बोलायचं होतं. पुष्कळ बोलायचं होतं. पण कोंडीरामच्या हातातला फोन वाजला, आणि जिन्यावरून अंजली म्हणाली, "पप्पा, उशीर होतोय." कोंडीरामनं एकवार नवनाथकडं पाहिलं, फोन कानाला लावला आणि दुसऱ्या हातानं गाडीला किल्ली लावली. "हा, बोला," तो म्हणाला, "दिघीत हाय." पोरगी मागं बसली, त्यानं मान वाकडी करून फोन खांद्याशी धरला आणि गाडी सुरू केली.

नवनाथ देवळाच्या कोपऱ्यावर उभे राहिले. मोटरसायकलचा आवाज वळणापर्यंत ऐकू येत होता. तो संपल्यावर ते भोसरीच्या बसकडं चालू लागले.